भांडण ज्याच्या त्याच्या भाषेत

घर भाड्याने देताना लोक काय काय विचारतात, याचा ऐरोलीत येईपर्यंत माझा चांगलाच अभ्यास झाला होता. लग्न झालंय का, मच्छी-मटण खाता का, घरी यायला किती उशीर होतो, मित्रमंडळी येतात का, मूळ गाव कुठलं, आणि मग घसा खाकरून 'म्हणजे तुमच्यात...' असं अर्धवट सोडून दिलेलं एक वाक्य. सेक्टरमधल्या एका काकांनी तर जन्मपत्रिका सोडून सगळं विचारलं होतं. त्यामुळे एजंटने मला गावठाणातल्या एका तिमजली घरापाशी नेऊन, पायरीवर सुका जवळा निवडत बसलेल्या बाईंपुढे उभं केलं, तेव्हा सगळी उत्तरं मी जिभेवर तयार ठेवली होती.

बाईंनी मान वर केली, मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू भांडतंस कंच्या भाषंन?"

मी एजंटकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता. त्याला हा प्रश्न नवा नव्हता.

"मी भांडत नाही," मी म्हणाले.

"भांडत नाय ती बाय आजून जलमाला येवाची हाय. कंच्या भाषंन?"

"मराठीत."

"घाटावरची काय तू?"

"हो. साताऱ्याकडची."

"मंग बग जा खोली. पानी सकाली येतं. आनि भांडन झालं त हितं माज्या पायरीवं येवून करायचं. वर जिन्यात नाय."

एवढ्यावर माझा करार झाला. एजंटने नंतर माझ्याकडून कागदावर सह्या घेतल्या, पण त्या त्याच्या समाधानासाठी.

सगळे तिला आय म्हणत. त्या गावात आईला आय म्हणतात. आधी घरच्यांनी म्हटलं, मग भाडेकरूंनी उचललं, आणि शेवटी नाक्यावरचा मेडिकलवालाही औषधाच्या पुडीवर 'आय' एवढंच लिहून पाठवू लागला. अंगाने उभी आडवी भक्कम, लुगडं गुडघ्यापर्यंत आवरून घेतलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की तिने गच्चीवरून हाक मारली तर खाडीपलीकडच्या मुलुंडमध्ये कुणीतरी 'ओ' देईल, असं आम्ही म्हणायचो. एके काळी तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. ती जमीन गेली, तिथे सेक्टर आले, आणि उरलेल्या तुकड्यावर हे तिमजली घर उभं राहिलं. त्यात आम्ही राहत होतो. माझ्या शेजारच्या खोलीत केरळची एक नर्स. समोर बिहारमधल्या सिवानकडचा इलेक्ट्रिशियन आणि त्याची बायको. खाली ओडिशाची दोन पोरं, वर कलबुर्गीकडचं एक कुटुंब, आणि मधूनमधून येणारे-जाणारे इतर. सेक्टरमधल्या सोसायट्यांनी ज्यांना काही ना काही कारण सांगून परत पाठवलं होतं, ते सगळे आयच्या पायरीवर येऊन एकाच प्रश्नाचं उत्तर देऊन आत आले होते.

तिच्या घराचा नियम एकच होता. भांडायचं ते आपापल्या भाषेत. आणि नंतर समजूत काढायची ती समोरच्याच्या भाषेत.

यामागे अनुभव होता. फार पूर्वी तिच्याकडे दोन भाडेकरू होते, एक दक्षिणेकडचा, एक उत्तरेकडचा. दोघे हिंदीतून भांडले. एकाला ती भाषा नीट येत नव्हती. त्याने कुठूनतरी ऐकलेला एक शब्द वापरला, तो त्याला वाटला होता त्यापेक्षा फार जड निघाला, आणि प्रकरण डोकी फुटण्यापर्यंत गेलं. आयने दोघांच्या जखमांवर हळद दाबली आणि त्याच दिवशी नियम केला. "उसन्या भाषंन शिवी दिली ना," ती सांगायची, "त तिचं वजन कलत नाय. आपल्या भाषंन मानूस मापान देतो. आनि लवकर दमतो."

समजूत दुसऱ्याच्या भाषेत का, असं मी विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आपल्या भाषंन माफी मागाला काय जातंय? दुसऱ्याची भाषा शिकाला त्याच्याच दारात जावा लागतो. दारात गेली की आर्दा राग तितंच सरतो."

हा नियम कसा चालतो ते मी पहिल्यांदा पाहिलं ते नर्सच्या आणि सिवानवालीच्या भांडणात. कारण पाण्याची मोटर. रात्रपाळी संपवून नर्स सकाळी घरी यायची, तेव्हा सिवानवालीने मोटर बंद करून ठेवलेली असायची. दोघी जिन्यात सुरू झाल्या आणि खालून आवाज आला, "पायरीवं!" दोघी मुकाट्याने खाली आल्या, आयच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि परत सुरू झाल्या. एक मल्याळममध्ये, दुसरी भोजपुरीत. नर्स एरवी इतकं हळू बोलायची की पेशंटला वाकून ऐकावं लागत असेल. मल्याळममध्ये तिचा धबधबा सुरू झाला. सिवानवाली हातवारे करत आपल्या सासरच्या आणि माहेरच्या सगळ्या देवांना साक्षीला बोलावत होती. आम्ही सगळे गॅलरीत. आय मध्ये बसून जवळा निवडत होती आणि तिचे डोळे इकडून तिकडे फिरत होते.

बऱ्याच वेळाने दोघींना धाप लागली. आयने जवळ्याचं सूप खाली ठेवलं आणि नर्सकडे बोट केलं. "हिचं बरोबर हाय. पन ही आदीपासून दुसऱ्याच कशावं तरी रागावलीय, मोटर निमित्त. कामावं कोन बोल्लं काय गो तुला?"

नर्सला रडू आलं. खरंच तिला त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये कुणीतरी टाकून बोललं होतं. आयला मल्याळमचा एक शब्द येत नव्हता. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "येत नाय म्हनून त कलतं. शबूद ऐकू आला की मानूस शबदाकडं बगतो, तोंडाकडं बगत नाय."

पुढचा भाग दोन दिवस चालला. सिवानवाली आमच्या मजल्यावर घुटमळायची, नर्सचं दार वाजवायची आणि तिलाच विचारायची की तुमच्यात माफ कर कसं म्हणतात. नर्स शिकवायची, ही चुकायची, दोघी हसायच्या. शेवटी पायरीवर सगळ्यांसमोर हिने म्हटलं, "क्षमिक्कणम् चेच्ची." म्हणजे माफ कर, ताई. नर्सने भोजपुरीत "गलती हमरो रहे" म्हणायचं होतं, पण घाईत तिने आधी तिच्याच मल्याळममध्ये "सारमिल्ला", म्हणजे असू दे, म्हणून टाकलं. आयने तिला परत म्हणायला लावलं. नियम म्हणजे नियम.

स्वतः आय मात्र जन्मभर एकच भाषा बोलली, ती म्हणजे तिची गावाकडची बोली. समोरचा मारवाडी असो, मद्रासी असो की आसामी, ती त्याच्यासाठी भाषा बदलत नसे. फक्त आवाज वाढवत असे. पार्सल घेऊन येणारी पोरं फोनवर "लोकेशन भेजो" म्हणायची आणि ही सांगायची, "आरं देवलाच्या मांगं ये, चिचंखाली उबा रा, मी हाक मारतंय." आणि ती पोरं बरोबर यायची. नकाशावर भरवसा ठेवणारी मंडळी दिघ्यापर्यंत भटकून यायची, हिची माणसं चिंचेखाली उभी असायची. मोबाईल कंपनीचा फोन आला आणि मराठीसाठी दोन दाबा म्हटलं की ती दोन दाबायची, पलीकडच्या मुलीचं 'आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व' ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बाय, तू जेवलीस काय? आवाज कनी दमलाय तुजा." तिची तक्रार कधी सुटली असेल असं वाटत नाही, पण त्या मुली तिच्याशी बराच वेळ बोलत.

माझ्या नोकरीबद्दल तिला फार कुतूहल होतं. मी ऐरोलीतल्या आयटी पार्कात परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे. आमच्या फ्लोअरवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी होती. डबा खातानासुद्धा मराठीत 'लोणचं दे' म्हटलं की टीम लीडर भुवया वर करायचा. आयने मला एकदा ऑफिसातलं इंग्रजी बोलून दाखवायला सांगितलं. मी बोलून दाखवलं.

"ह्या भाषंन भांडता येतं काय?" तिने विचारलं.

"नाही आय. आम्ही फक्त सॉरी म्हणायचं. भांडतात ते लोक."

तिने बोटांवर हिशेब मांडला. मग म्हणाली, "म्हंजे भांडन त्यांचं त्यांच्या भाषंन, आनि समजूत तुमी काढायची, तीबी त्यांच्याच भाषंन. कंपनी आर्दाच नियम पालते. तुमची पाली कवा येते?"

 

आता तिच्या मुलाविषयी सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय आय पुरी होत नाही. मुलगा पन्नाशीचा, बांधकामाला रेती-खडी पुरवणारा, मनाने चांगला. ओडिशाच्या एका पोराला डेंग्यू झाला तेव्हा हाच त्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला होता आणि दिवसभर हॉस्पिटलात बसला होता. पण गेल्या काही वर्षांत त्याला मराठीचं फार मनावर आलं होतं. नाक्यावर त्याच्या मंडळाचा फलक होता, 'महाराष्ट्रात मराठीच'. खाली हात जोडलेला त्याचा फोटो. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून तो निवेदनं द्यायचा, आणि त्यात काही चूक होती असं मला वाटत नाही. गंमत इतकीच की मराठीसाठी झटता झटता त्याची स्वतःची बोली कुठेतरी गळून पडली होती. तो घरातही सभेतल्यासारखा बोलायचा. "आई, त्या ठिकाणी मीठ कमी झालेलं आहे." "आई, या निमित्ताने मी तुला सांगू इच्छितो की डॉक्टरांकडे जायचं आहे." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी रोज पायरीवरून जाता-येता पाहत होते.

"लहानपनी आय आय करत मांगं लागायचा," आय म्हणायची. "आता त्याची आई झाले मी. आय कंच्या दुकानात मिलत नाय, नायतं तिची पाटी लावली आसती त्यानं."

हे ती हसत म्हणायची. पण आयच्या हसण्याचे दोन प्रकार होते आणि हा दुसरा होता.

आणि आय धवलारीण होती. धवला म्हणजे लग्नातली गाणी, पण नुसती गाणी म्हटलं तर ती रागवायची. त्या गावांत हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला लागतो, आणि धवलारणीने म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही. भटजी उशिरा आला तरी चालतो. धवला एकटीने होत नाही. धवलारीण ओळ टाकते आणि तिची जोडीण ती ओळ झेलते. झेलणारी नसेल तर टाकलेली ओळ खाली पडते, आणि मांडवात ओळ पडू द्यायची नसते. आयची जोडीण शेजारच्या आळीतली होती. दोघींनी आयुष्यभर एकत्र धवला म्हटला. आयच्या घरच्या प्रत्येक लग्नात तिला मावशीचा मान होता. मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी ती वारली, आणि त्यानंतर आयने कुठल्याच लग्नात तोंड उघडलं नव्हतं.

अशातच नातीचं लग्न ठरलं. मुलाची एकुलती एक मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, नोकरी करणारी. नवरा मुलगा उलव्याच्या नव्या टॉवरमधला, घरचे मूळचे पुण्याकडचे, शांत आणि सभ्य लोक. सगळं छान होतं. आयला एकच घोर लागला. धवला न होता नात मांडवातून गेली तर लग्न लागलं असं ती मानणार नव्हती. आणि झेलायला कुणी नव्हतं. गावातल्या सुनांना विचारून झालं. एकीला लाज वाटत होती, एकीला येत नव्हतं, एकीने हळदीला डान्स बसवला होता. मुलाने यावर तोडगा काढला की इंटरनेटवर धवला मिळतो, तो त्या ठिकाणी स्पीकरवर लावू.

"आनि मान कोनाला देव?" आयने विचारलं. "मशिनीची ओटी भरू काय?"

 तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला नर्स आणि सिवानवाली गच्चीवर गेल्या, तर आय टाकीला टेकून एकटीच पुटपुटल्यासारखी ओळ म्हणत होती. ओळ संपवून ती सवयीने थांबली. त्या थांबण्यात काय झालं कुणास ठाऊक, सिवानवालीने ओळीचं शेपूट उचललं. तिच्या गावी लग्नात बायका अशाच गातात, तिला राहवलं नाही. तिच्या पाठोपाठ नर्सने, कारण ती चर्चमध्ये गायची आणि कुणी गायलं की तिचं तोंड आपोआप उघडायचं.

आय त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "परत."

त्या दिवसापासून गच्चीवर तालीम सुरू झाली. मलाही बोलावणं आलं. इमारतीतली एकमेव मराठी भाडेकरू म्हणून मी जरा रुबाबातच वर गेले. आयने ओळ टाकली, मी झेलली. तिने तोंड वाकडं केलं. पुन्हा टाकली, मी पुन्हा झेलली.

"तू खाली जा," आय म्हणाली. "तुजी मराठी इस्तरीची हाय. मी चुरगललेली टाकते, तू घडी घालून परत देतंस. ह्या दोगी बग, जशी देतंय तशी घेतात."

सातारा जिल्ह्यात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली मी, जिन्यातून खाली आले. माझ्याकडे चहा करून वर पोचवायचं काम आलं, आणि ते मी इमानेइतबारे केलं.

मुलाला हे कळलं ते लग्न अगदी तोंडावर आल्यावर. तो संध्याकाळी आला, पांढरा सदरा, पायरीसमोर उभा. आम्ही गॅलरीत होतोच.

"आई, हे मी काय ऐकतो आहे? आजच त्या ठिकाणी मी नाक्यावरच्या दुकानदारांना पाट्यांचं निवेदन देऊन आलो. आणि माझ्याच मांडवात केरळच्या आणि बिहारच्या बायका धवला म्हणणार? लोक काय म्हणतील?"

"म्हनतील धवला झाला."

"हा आपल्या संस्कृतीचा प्रश्न आहे, आई."

आयने हातातलं सूप बाजूला ठेवलं. "भांडतंस काय?"

"भांडत नाही. माझा मुद्दा मांडतो आहे."

"मुद्दा नको मांडू. भांड. पन ह्या पायरीवं आपल्या भाषंन भांडायचं, तुला म्हायती हाय. ही तुजी नाय. ही खुर्चीवं बसून बोलाची हाय. तुजी काढ. मंग मना काय ती शिवी दे, मी ऐकतंय."

तो तोंड उघडून उभा राहिला. खरंच त्याने प्रयत्न केला, आम्ही वरून पाहत होतो. दोनदा ओठ हलले. मग त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, "मला त्या ठिकाणी मीटिंग आहे," म्हणाला, आणि गेला.

आम्हाला वाटलं आय जिंकली. नर्स टाळ्या वाजवणार होती. पण आय तशीच बसून राहिली. मी खाली गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "इसरला गो. मना वाटलं व्हतं रागाच्या भरात तरी येल तोंडावं. समदा इसरला." मला तिच्याजवळ बसावंसं वाटलं आणि मी बसले. 

शेवटी निकाल नातीने लावला. ती वडिलांना सरळ म्हणाली, "पप्पा, आजीचा धवला नसेल तर मी हळदीला बसणारच नाही. डीजे संध्याकाळी लावा, मला चालेल. पण दुपारी आजी." एकुलत्या एक मुलीपुढे भल्याभल्यांची निवेदनं मागे पडतात. त्याने कबूल केलं, एवढंच बजावलं की त्या दोघींच्या हातात माईक द्यायचा नाही. माईक तो स्वतःकडे ठेवणार होता, पाहुण्यांच्या स्वागतासाठी.

हळदीच्या दुपारी मांडव भरला होता. आयने त्या दोघींना स्वतःच्या हाताने आपल्या पद्धतीची लुगडी नेसवली होती. नर्स चष्मा सावरत आयच्या डावीकडे बसली, सिवानवाली उजवीकडे. समोर पाटावर नात. उलव्याची मंडळी मोबाईल उंच धरून उभी होती. मांडवाच्या तोंडाशी मुलगा, एका हातात माईक, खांद्यावर शालींचा गठ्ठा. "या निमित्ताने वरपक्षाच्या मंडळींचं त्या ठिकाणी सहर्ष स्वागत..."

आयने हात वर केला आणि ओळ टाकली.

"खारीच्या बांधावं कोन येतंय गो..."

"कोन येतंय गो," दोघींनी झेलली. मांडवातल्या काही म्हाताऱ्या बायकांनी माना वळवल्या. हे कोण म्हणतंय ते बघितलं, आणि पुन्हा हळदीकडे पाहू लागल्या. बस. लोक काय म्हणतील त्याचं उत्तर एवढंच निघालं.

धवल्यात एकेक नातं बोलवायचं असतं. येतंय नवरीची मामी गो. मामी उठते, हळद लावते. येतंय नवरीची काकी गो. काकी उठते. नर्सचा आवाज आता मोकळा झाला होता आणि सिवानवाली मान हलवत ठेका धरत होती. मी चहाची किटली घेऊन खांबाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी नाकारत नाही.

काकीनंतर मावशी. आयने ओळ टाकायला तोंड उघडलं आणि सवयीने डावीकडे पाहिलं. त्या जागेवर वर्षानुवर्षं तिची जोडीण बसत आली होती, आणि या घरातली मावशी तीच होती. तिथे आता नर्स होती, ओळीची वाट बघत. आयचं तोंड तसंच उघडं राहिलं. ओळ आली नाही.

मांडव थांबला. नर्सने सिवानवालीकडे पाहिलं, सिवानवालीने नर्सकडे. त्यांना झेलायला शिकवलं होतं, टाकायला नाही. पुढची ओळ आयखेरीज कुणाला येत असेल असं आम्हाला वाटत नव्हतं. हळदीची वाटी घेतलेली बाई अर्धवट वाकून तशीच उभी राहिली. मी किटली खाली ठेवली.

तेवढ्यात मांडवाच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून आवाज आला. जाड, पुरुषी, आणि सुरात अजिबात नसलेला.

"येतंय नवरीची मावशी गो... दूरच्या गावाशी आयली गो..."

सगळे वळले. मुलगा शालींचा गठ्ठा खांद्यावर घेऊन मांडवाच्या छताकडे बघत होता. धवला बायकांचा, पुरुष कधी म्हणत नाहीत. पण तो आईच्या पदराला धरून किती मांडवांतून फिरला असेल, किती हळदींना तिच्या मांडीवर झोपला असेल, ते त्या ओळीत होतं. सभेतला एकही शब्द त्यात नव्हता. आयच्याच तोंडचा उच्चार, आयचाच हेल.

पुरुषांच्या बाजूने कुणीतरी हसलं. पण तालीम ती तालीम. ओळ आली की झेलायची, कुणी टाकली ते बघायचं नाही.

"दूरच्या गावाशी आयली गो," नर्सने आणि सिवानवालीने झेलली, आणि नर्सने स्वतःच वाटीतली हळद घेऊन नातीच्या गालाला लावली, कारण मावशीच्या जागेवर तीच बसली होती. मुलाने हे पाहिलं. तो जरा थांबला, आणि मग पुढची ओळ टाकली. मामा, मामाची पोरं, आळीतल्या शेजारणी, एकेकाला तो बोलवत गेला आणि या दोघी झेलत गेल्या. केरळ, बिहार आणि नाक्यावरचा फलक एका ओळीत चालले होते आणि ओळ खाली पडत नव्हती.

आय मुलाकडे पाठ करूनच बसली होती. वळून पाहिलं नाही. पदराने नाक पुसलं, डोळे पुसले, मान ताठ केली, आणि गच्चीवरचा तो आवाज मांडवभर झाला.

"आरं, आत्या रायली. तिला बोलव आदी, नायतं ती जेवाची नाय."



"थांब आय," तो म्हणाला, "बोलवतू तिला."

आणि त्याने आत्याला बोलावलं.